आठवी ते दहावी: मुलांचं खाणं, झोप आणि शाळा यांची घडी कशी बसवायची

सातवीपर्यंत हाक मारली की पानावर येऊन बसणारं मूल आठवीत गेल्यावर "मला भूक नाही" म्हणायला लागतं आणि रात्री साडेअकराला फ्रीजचं दार उघडून उभं राहतं. सकाळी उठत नाही, उठलं तर चिडलेलं असतं, क्लासमध्ये पेंगतं, आणि घरात सगळ्यांचं एकमत होतं की हे वयच असं आहे. वयाचा वाटा आहेच. पण शिस्त, मोबाइल आणि अभ्यास यांवरून वाद घालण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या: खाण्याच्या वेळा, झोपेचे तास आणि रक्तातलं लोह. बऱ्याच घरांत निम्मी भांडणं इथेच मिटतात.

पहिलं काम: पाच दिवसांचा कागद

एका कागदावर पाच दिवसांची नोंद करा. त्यात तीन शाळेचे दिवस, एक क्लासची सुट्टी आणि एक रविवार येऊ द्या. उठण्याची वेळ, काय खाल्लं आणि किती वाजता, चहा-कॉफी, क्लास, खेळ आणि दिवा नव्हे तर मोबाइल बंद झाल्याची वेळ लिहा. या पाच दिवसांत काहीही सुधारायला जाऊ नका. टोकायला लागलात की मूल खोटं सांगायला लागतं आणि कागद निरुपयोगी होतो. डबा परत आला तर किती आला तेही लिहा.

सकाळच्या शाळेचा कागद साधारण असा निघतो: सहाला उठणं, चहा-खारी, सातला शाळा, साडेनऊला मधल्या सुट्टीत अर्धी पोळी, दोनला जेवण, चार ते साडेसहा क्लास, वाटेत वडापाव, साडेनऊला जेवण, बाराला झोप. दुपारच्या शाळेत प्रकार वेगळा असतो. अकराला घाईत जेवण, पावणेसहाला शाळा सुटते, तिथूनच क्लास, आणि घरी पोचेपर्यंत पावणेनऊ. सकाळी अकरा ते रात्री नऊ या दहा तासांत पोटात गेलेला असतो फक्त एक डबा, तोही मित्रांमध्ये वाटलेला. गोव्यात बहुतेक शाळा दीडपर्यंत सुटतात, त्यामुळे दुपारचं जेवण घरी होतं. तिथे सकाळी रिकाम्या पोटी जाणं ही मुख्य अडचण असते.

कागदावर चार तासांपेक्षा मोठी पोकळी कुठे आहे तिथे खूण करा. पुढची सगळी व्यवस्था त्या खुणेभोवती लावायची आहे.

संध्याकाळचं खाणं हे जेवणच समजा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला ४५ ग्रॅम आणि मुलीला ४३ ग्रॅम प्रथिनं लागतात. शाकाहारी घरातलं रोजचं गणित मांडून पाहा. चार पोळ्यांची कणीक १०० ग्रॅम धरली तर साडेदहा ग्रॅम. ३० ग्रॅम डाळीचं वरण साडेसहा, ६० ग्रॅम तांदळाचा भात पाचाच्या आत, एक पेला दूध सहा, भाजीतून दोन. बेरीज तीसच्या आसपास. म्हणजे पोटभर जेवणाऱ्या मुलालाही तेरा-पंधरा ग्रॅम कमी पडतात, आणि ती भरून काढायची सर्वांत सोयीची जागा संध्याकाळी चार ते सहा ही आहे. या वेळेला बिस्किटं आणि चहा दिला तर रात्रीची भूक मरते आणि प्रथिनं मिळत नाहीत ती नाहीतच.

मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत. एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सात, तेवढ्याच फुटाण्यांत सहा, ३० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीत सात. दोन अंडी आणि एक पोळी, किंवा वाटीभर उसळ आणि दूध, एवढ्यात काम होतं.

मुगाचं धिरडं यासाठी फार उपयोगी, कारण सकाळी भिजत घातलं की संध्याकाळी मूल स्वतः करून खाऊ शकतं. आमटीच्या लहान वाटीने एक वाटी हिरवे मूग, साधारण १२० ग्रॅम, सहा ते आठ तास भिजवा. पाणी पूर्ण निथळून टाका. दोन हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, जिरं आणि मीठ घालून वाटा. वाटताना तीन-चार चमचेच पाणी घालायचं. धिरडं तव्याला चिकटतं त्याची कारणं दोन: पीठ पातळ झालेलं असतं, किंवा तवा नीट तापलेला नसतो. पाण्याचा शिंतोडा टाकल्यावर तो चुर्र करून उडाला की तवा तयार. पीठ सैल झालंच तर दोन चमचे तांदळाचं पीठ मिसळा. एवढ्यात सहा धिरडी होतात, दोन खाल्ली की दहाएक ग्रॅम प्रथिनं. उरलेलं पीठ फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालतं, त्यानंतर आंबूस वास येतो.

शाळेतून थेट क्लासला जाणाऱ्यांना दुसरा, छोटा डबा द्या. तो कोरडा हवा, बोटं चिकट न होणारा आणि दोन मिनिटांत संपणारा. भाजणीचं थालीपीठ चार तुकडे करून, राजगिऱ्याचे दोन लाडू, गूळ-शेंगदाणे, फोडणीची पोळी. उकडलेलं अंडं पौष्टिक खरं, पण बंद वर्गात वासावरून चिडवणं होतं आणि मग डबा परत येतो. वडापाव पूर्ण बंद करायच्या फंदात पडू नका. आठवड्यातून दोनदा, खिशातल्या पैशांतून, असं ठरवलं की लपवाछपवी थांबते.

सकाळच्या बाबतीत अपेक्षा कमी ठेवा. साडेसहाला या वयात भूक लागत नाही. एक केळं आणि दूध, किंवा रात्रीची पोळी तूप-गूळ लावून गुंडाळलेली, एवढं पोटात गेलं तरी पुरे. खरा नाश्ता मधल्या सुट्टीच्या डब्यात द्या, आणि डबा भरताना सुट्टी किती मिनिटांची आहे ते विचारा. पंधरा मिनिटांत हात धुऊन, जागा शोधून तीन पोळ्या आणि रसभाजी खाऊन होत नाही. भाजी पोळीत गुंडाळून दिली की तोच डबा रिकामा येतो.

लोह: सर्वांत दुर्लक्षित भाग

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे हा फक्त गरीब घरांचा किंवा फक्त मुलींचा प्रश्न नाही. या वयात अंगाची वाढ झपाट्याने होते, रक्ताचं प्रमाण वाढतं, मुलींना पाळी सुरू होते. १३ ते १५ वयात मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि मुलाला २२ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. नुसत्या पालकाच्या भाजीने ती भरत नाही, कारण भाजी-धान्यातलं लोह शरीरात थोडंच शोषलं जातं.

दोन जिने चढून धाप लागणं, खालची पापणी ओढल्यावर आतून फिकट दिसणं, केस गळणं, दुपारी डोकं दुखणं, आणि बर्फ, खडू, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही लक्षणं दिसली तर आधी रक्ताची साधी तपासणी, म्हणजे सीबीसी करून घ्या. १२ ते १४ वयात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. १५ नंतर मुलींसाठी हीच रेषा राहते, मुलांसाठी ती १३ होते. "सगळ्याच मुलींचं दहा असतं" हे वाक्य घरात कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

सरकारी व अनुदानित शाळांत आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. पुष्कळ मुलं ती खिडकीतून फेकतात, आणि त्याला कारण असतं: उपाशीपोटी घेतली की मळमळतं, आणि दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं ते पाहून मूल घाबरतं. हे दोन्ही आधीच सांगून ठेवा. गोळी डबा खाल्ल्यावर घ्यायची, काळं होणं हे लोहामुळे, त्यात भिण्यासारखं काही नाही. गोळीबरोबर दूध, चहा किंवा कॅल्शियमची गोळी नको. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, जंतनाशक दिवशी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी मिळते. ती चावून खायची. पोटात जंत असतील तर लोह कितीही द्या, पुरेसा फरक पडत नाही.

तपासणीत हिमोग्लोबिन कमी आलं असेल तर आठवड्याची गोळी पुरत नाही. डॉक्टर रोजची गोळी देतात, आणि आकडा सुधारल्यावरही ती आणखी काही महिने चालू ठेवावी लागते, कारण शरीराचा साठा भरायला वेळ लागतो. इथेच बहुतेक घरं चुकतात. महिनाभरात चेहऱ्यावर तरतरी येते, गोळी बंद होते, सहा महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. महिना-दीड महिना नियमित गोळी घेऊनही आकडा हलला नाही तर थॅलेसेमिया मायनर किंवा सिकलसेल यांपैकी रक्ताचा एखादा आनुवंशिक विकार आहे का ते डॉक्टरांना विचारा. विदर्भ, नंदुरबार, पालघरच्या आदिवासी पट्ट्यांत सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे, आणि त्याची तपासणी सरकारी रुग्णालयात होते.

स्वयंपाकघरात तीन बदल करा. जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा नको. चहातले घटक लोह अडवतात, आणि जेवणावर लगेच चहा ही आपल्याकडची जुनी खोड आहे. वरणभातावर किंवा उसळीवर लिंबू पिळा, नाहीतर ताटात आवळ्याची फोड ठेवा, कारण क जीवनसत्त्वामुळे तेच लोह जास्त शोषलं जातं. तिसरं म्हणजे लोखंडी कढई-तवा पुन्हा वापरात आणा. चिंच-आमसुलाची आमटी लोखंडी कढईत केली तर झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढा. तशीच ठेवली तर काळी पडते, तिला लोखंडाची चव येते, आणि मग मुलं ती कढईच नको म्हणतात. बाजरीची भाकरी, हळीव, मटकी, चवळीचा पाला चांगले. मांसाहारी घरांत मटणातलं आणि माशांतलं लोह शोषायला सर्वांत सोपं. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली झाली तरी मोठी मदत होते.

वजन, डाएट आणि प्रथिनांची पावडर

मुली अचानक रात्रीचं जेवण सोडतात, मुलं जिममधून पावडरचा डबा घेऊन येतात. वरचं गणित मुलाला कागदावर मांडून दाखवा: लागणारी प्रथिनं घरच्या खाण्यातून पूर्ण होतात, आणि पावडरीचे तीन हजार रुपये अंडी, दूध आणि डाळीत कितीतरी जास्त दिवस पुरतात. स्नायू वाढवण्याच्या इतर गोळ्या-पावडरी १८ च्या आत नकोतच. वजन जास्त की कमी हे मोठ्यांच्या तक्त्यावरून ठरवू नका. बालरोगतज्ज्ञांकडे वयानुसार वाढीचा आलेख असतो, त्यावर वर्षातून दोनदा नोंद करून घ्या. आणि ताटावर बसलेल्या मुलाला "किती जाड झालीस" किंवा "काडी पहिलवान" म्हणणाऱ्या आत्या-मामांना तिथल्या तिथे थांबवणं हे आईबापांचं काम आहे, मुलाचं नव्हे. जेवण टाळणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, झपाट्याने वजन उतरणं किंवा पाळी थांबणं दिसलं तर वाट न पाहता डॉक्टर गाठा.

झोप

तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. वयात येताना मेंदूचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे रात्री दहाला या मुलांना खरोखर झोप येत नाही. त्याला आळस म्हणून उपयोग नाही, पण सातची शाळा काही हलणार नाही, तेव्हा घड्याळ हळूहळू मागे आणावं लागतं.

आज बाराला झोपत असेल तर एकदम दहाला झोपवू नका. दोन तास अंथरुणात तळमळून मोबाइल हातात येतो. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं मागे या. दहापर्यंत यायला तीन-साडेतीन आठवडे लागतात. रविवारी उठण्याची वेळ फार तर दीड तासाने पुढे जाऊ द्या. रविवारी अकराला उठलेलं मूल सोमवारी सहाला उठत नाही, याचं कारण शनिवार-रविवारच्या रात्रींत असतं. दुपारी झोपायचं तर अर्ध्या तासाचा गजर लावून. चारनंतर चहा-कॉफी आणि टपरीवरची एनर्जी ड्रिंक्स बंद. चार्जर हॉलमध्ये ठेवा आणि आईबाबांचे मोबाइलही तिथेच लावा, नाहीतर हा नियम चार दिवस टिकत नाही.

पहाटे चारला उठून अभ्यास करण्याचं कौतुक आपल्याकडे फार. आठला झोपणाऱ्याने खुशाल उठावं. बाराला झोपून चारला उठणारं मूल पुस्तकासमोर बसतं एवढंच.

शाळा: टक्क्यांच्या आधी उत्तरपत्रिका

घटक चाचणीची उत्तरपत्रिका घरी आली की गुण पाहून बाजूला ठेवू नका. मुलाबरोबर बसून गेलेला प्रत्येक गुण तीन गटांत टाका: येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, आणि वेळ पुरला नाही. पहिला गट मोठा असेल तर धडा पुन्हा शिकायला हवा. दुसरा मोठा असेल तर आणखी क्लास लावून काही होणार नाही. तिथे वही न बघता लिहून काढण्याचा सराव लागतो. तिसऱ्यावर उपाय म्हणजे घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवणं, आठवड्याला एक. ज्या प्रश्नावर अडकलं तो सोडून पुढे जायची सवय याच सरावात लागते.

राज्य मंडळाच्या दहावीत उत्तीर्ण व्हायला विषयात ३५ गुण लागतात. भाषांना लेखी ८० आणि अंतर्गत २० असतात. गणिताचे दोन भाग ४०-४० चे आणि अंतर्गत २०. विज्ञानालाही दोन पेपर ४०-४० चे आणि प्रात्यक्षिकासह २०. हे वीस गुण वह्या, गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकं यांवर मिळतात आणि नववीपासून सवय नसेल तर फुकट जातात. पालकसभेत "अभ्यासात कसा आहे" असं मोघम विचारलं की "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी नेमकं विचारा: कोणत्या वह्या अपूर्ण आहेत, वर्गात कुठे बसतो, मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतो.

वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं मूल अनेकदा आळशी नसतं, त्याला दिसत नसतं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. ४५ किलोच्या मुलाला साडेचार किलो. एकदा वजनकाट्यावर ठेवून पाहाच.

दर सोमवारी सकाळी पोटात दुखत असेल आणि सुट्टीत दुखत नसेल तर औषध देत बसू नका, शाळेत कोण त्रास देतंय ते शोधा. समोर बसवून विचारलं तर सांगणार नाही. स्कूटरवर मागे बसलेलं असताना किंवा शेंगा सोलताना विचारलं तर सांगतं. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. मन फार खचलेलं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा मुलाच्या तोंडून आली तर ती नाटक समजू नका. त्या दिवशी मुलाला एकटं सोडू नका आणि थेट डॉक्टरकडे न्या.

रात्रीचं एकत्र जेवण

रोज जमलं नाही तरी आठवड्यातून तीन-चार रात्री ठरवून घ्या. बाबांची शिफ्ट असेल तर रविवारचा नाश्ता धरा. वीस मिनिटं पुरतात. टीव्ही आणि मोबाइल बंद, आणि ताटावर गुण, टक्के, क्लासची फी हे विषय नकोत. हा दुसरा नियम मोठ्यांना जास्त जड जातो.

वेगळा स्वयंपाक करायचा नाही, पण ताटात निदान एक गोष्ट मुलाला चालणारी असू द्या. कारल्याची भाजी असेल त्या दिवशी घट्ट वरण, दही किंवा शेंगदाण्याची चटणी ठेवा आणि भाजीवरून बोलू नका. वाढून घेणं मुलाच्या हातात द्या. कामही द्या: पिठल्याचं पीठ गुठळ्या न होता कालवणं, फुलका शेकणं, कोशिंबिरीला फोडणी देणं. चौदाव्या वर्षी मुलग्यालाही वरणभात लावता आला पाहिजे. रात्री अकराच्या भुकेसाठी फ्रीजमध्ये दही-पोह्यांची वाटी किंवा उकडलेलं अंडं झाकून ठेवा, म्हणजे चिवड्याचा डबा रिकामा होत नाही.

डॉक्टरकडे कधी

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं चक्र २१ ते ४५ दिवसांत कमीजास्त होतं, ते चालतं. सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजणं, दर महिन्याला शाळा बुडेल एवढं दुखणं, तीन महिने पाळी न येणं, किंवा पंधरा पूर्ण होऊनही सुरूच न होणं यांत दाखवायला हवं. शाळेच्या दप्तरात दोन पॅड आणि एक जादा अंतर्वस्त्र कायम असू द्या. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा, मग शाळेचं स्वच्छतागृह कसं आहे हेही मुलीला विचारा. घाण असेल म्हणून पाणीच न पिणाऱ्या मुली पुष्कळ असतात.

मुलग्यांच्या बाबतीत घरात बोललंच जात नाही. या वयात छातीला थोडी सूज येणं नेहमीचं आहे, बहुधा वर्ष-दोन वर्षांत ती उतरते; एवढं सांगितलं तरी पोहायला जाणं टाळणारा मुलगा निवांत होतो. वृषणात अचानक तीव्र दुखायला लागलं, बरोबर उलटी झाली, तर रात्र असली तरी तडक रुग्णालयात जा. वृषण पिळवटलं गेलं असेल तर ते वाचवायला साधारण सहा तास हातात असतात. लाजेने मुलं सकाळपर्यंत थांबतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवायचं.

लसीकरणाचं कार्ड पाळण्याबरोबर माळ्यावर टाकलं असेल तर खाली काढा. धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लस नऊ वर्षांपासून देता येते, आणि पंधराच्या आत सुरू केली तर डोस कमी लागतात.